नववी चार सेंटिमीटरनं कमी

तुकडा पहिला (शाबूत)

सकाळी नऊ वाजता जुन्या इमारतींच्या निरीक्षकबाईंनी नवव्या चेहऱ्याला मोजपट्टी लावली आणि सव्वानऊला कारखान्यातल्या सगळ्यांचा चहा कपातच निवला.

चेहरा एका बाईचा होता. भाजक्या मातीचा, सायीच्या रंगाचा. उजवा हात कानामागे धरून ती काहीतरी ऐकत होती. अशा बारा जणी जुन्या टेलिफोन कचेरीच्या दर्शनी भिंतीवर, छपराखालच्या पट्टीत, एका ओळीत बसवलेल्या. टेलिफोन कधीच गेले. आता तिथे संगीतशाळा भरते आणि बारा जणी दिवसभर मुलांचे चुकलेले सूर मुकाट्यानं ऐकून घेतात. शहरात त्यांना 'ऐकणाऱ्या' म्हणत.

त्यांतल्या पाच जणी दुरुस्तीसाठी उतरवून कारखान्यात आणल्या होत्या. चौघी फुटलेल्या, त्यांच्या जागी नव्या घडवायच्या होत्या. नववी मात्र धडधाकट होती. तिला भिंतीशी धरून ठेवणारे लोखंडी आकडे तेवढे गंजले होते. आकडे बदलायचे, बाईला परत वर चढवायचं, की झालं.

"उंची सेहेचाळीस," निरीक्षकबाई म्हणाल्या आणि मापवही पुढे ओढली. "तुमच्या वहीत पन्नास आहे."

"असं कसं होईल?" दादानं विचारलं. दादा म्हणजे कारखान्याचा मालक. अंगानं दरवाज्याएवढा, पण जरा कुणी ढकललं की बिजागरीसारखा कुरकुरणारा.

निरीक्षकबाईंनी आवाज चढवला नाही. शांतपणे समजावून सांगितलं, आणि तेच जास्त लागलं. माती वाळताना आणि भाजताना शंभरात आठ भाग आक्रसते, हे या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून तर कारागीर नवा चेहरा मुद्दाम मोठा घडवतात. तसं न करता तयार चेहऱ्याचाच थेट साचा काढला, त्यात माती दाबून भाजली, तर पन्नासाची बाई सेहेचाळीसाची होऊन बाहेर येते. समोरची बाई तशीच आलेली दिसते. म्हणजे ही नक्कल. मग खरी नववी कुठे आहे?

"आणि तुमच्याकडे साचे कोण काढतं?"

साचे दादाची बायको, म्हणजे वहिनी, काढायची. मापवहीही वहिनीच लिहायची. निरीक्षकबाई म्हणाल्या, अहवाल दुपारी चारला जाईल. त्यात वहिनीचं नाव असेल, आणि जुन्या इमारतींवर काम करायला ज्यांना परवानगी आहे त्या कारागिरांच्या यादीतून ते कमी होईल. एकदा कमी झालेलं नाव पुन्हा चढत नाही.

वहिनी प्लास्टरच्या गोणीवर बसली. तीस वर्षं तिनं मातीच्या नाकाडोळ्यांत घालवली होती, आणि एरवी ती साच्यातल्या चेहऱ्यांशीसुद्धा गप्पा मारायची. आता ती नुसती गोणीची सुतळी उसवत बसली.

कोपऱ्यात रंग घोटणारी आत्या उठली. आत्या ही दादाची धाकटी बहीण. भाचरांनी पाडलेलं हे नाव आता पार्सल आणणारा माणूसही वापरायचा. मातीवर चढवायचा रंग ती बनवायची. तिला सायीच्या रंगाच्या अकरा छटा ओळखता यायच्या, आणि माणसांच्या चेहऱ्यांच्या त्याहून थोड्या जास्त.

"चार वाजेपर्यंत वेळ आहे ना?" तिनं विचारलं. "मग चारलाच भेटू."


तुकडा दुसरा (वहीचं पान, मातीचे डाग पडलेलं)

१. उंची ५० सेंमी. ठीक.
२. वरीलप्रमाणे. नाकाचा शेंडा नाही.
३. वरीलप्रमाणे. ठीक.
४. वरीलप्रमाणे. ठीक.
५. वरीलप्रमाणे. कपाळाला आरपार तडा.
६. वरीलप्रमाणे. हनुवटी नाही.
७. वरीलप्रमाणे. ठीक.
८. वरीलप्रमाणे. ठीक.
९. वरीलप्रमाणे. आकडे गंजले.

पुढच्या तिघींचंही तेच.

"वहिनी," आत्या म्हणाली, "तू मोजलंस किती जणींना?"

"पहिलीला."

"आणि?"

"वन्सं, बारा जणी एका साच्यातून काढलेल्या. एकीला मोजलं की बाराही मोजल्या. शिवाय खाली कुणीतरी पेटीवर एकच ओळ वाजवत होतं, तीही चुकीची. चाळीस वेळा. मला परांचीवरून उडी मारावीशी वाटत होती."

आत्यानं कपाळाला हात लावला. आता नववी भिंतीवर असताना केवढी होती, हे सांगणारा कागद जगात कुठेच नव्हता. चोरी करणाऱ्यानं मुद्दाम अशी वही लिहिली असती. वहिनीनं कंटाळून लिहिली होती. कागदावर दोन्ही सारखंच दिसत होतं.


तुकडा तिसरा (दोन जागी तडा)

पहिली चौकशी दादाची. पाचही जणींना परांचीवरून त्यानंच उतरवलं होतं. त्याला फारसं काही आठवत नव्हतं, फक्त नववी उतरवताना कंबरेत चमक भरली, तेव्हापासून तो चार दिवस चालताना डावीकडे झुकत होता, आणि बायकोनं त्याला तेलबिल काही लावून दिलं नाही, एवढं त्यानं तपशीलवार सांगितलं.

"बाकीच्या चौघींना उचलताना नाही भरली चमक?"

"त्या हलक्या होत्या. पाठीमागून पोकळच असतात ना. हिची पाठ चुन्यानं लिंपलेली होती. जुने गवंडी आकडे घट्ट बसावेत म्हणून कधी कधी लिंपायचे. तसं काहीतरी असेल."

आत्यानं नववीला वजनकाट्यावर चढवलं. एकतीस किलो. मग फुटलेल्यांतल्या त्यातल्या त्यात पूर्ण अशा दुसरीला चढवलं. सोळा. ती काट्याकडे बघत राहिली. लहान बाई मोठीच्या जवळजवळ दुप्पट जड होती.

दुसरी चौकशी भट्टीवर. तिथे मामा बसायचे. आत्याच्या आईचे भाऊ, वय वर्षं ऐंशी. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी आत्या-दादांच्या आजोबांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून आले आणि इथलेच झाले. याच कचेरीची भिंत तेव्हा आजोबांनी दुरुस्त केली होती. आजोबा म्हणजे नावाजलेले उस्ताद. त्यांचा फोटो भट्टीच्या खोलीच्या दारावर टांगलेला होता. भट्टी पेटली की दोन दिवस मामा तिथून हलत नसत. जेवण तिथेच, झोप तिथेच, भांडणंही तिथेच. या वेळी आत चार नव्या ऐकणाऱ्या भाजत होत्या.

ज्वाळांच्या घरघरीत आत्यानं ओरडून सांगितलं की नववीचं माप जुळत नाहीये.

मामा हातातल्या चिमट्याकडे बघत म्हणाले, "जुळत नाही तर नाही. उचला आणि बसवून टाका. चाळीस फुटांवरची बाई, खालून कुणाला दिसतंय? हवं तर मी बसवतो."

"तुम्ही? परांचीवर?"

"का, मला पाय नाहीत?"

भट्टीपुढे प्रत्येकाचा चेहरा तांबडा दिसतो. मामांचा पांढरा पडला होता. आत्याच्या ते ध्यानात आलं, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.


तुकडा चौथा (कोपरा उडालेला)

मामांचा विचार करायला नको म्हणून ती जुनाटकडे गेली.

जुन्या वस्तूंचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे जुनाट म्हणत. वयानं तो चाळिशीचाही नव्हता. महिन्याभरात तो तीनदा कारखान्यात डोकावला होता. एखादी ऐकणारी 'उरली' तर कळवा, म्हणाला होता. दुकानात पाय टाकायला जागा नव्हती. बंद पडलेली घड्याळं, एकेकटे राहिलेले दरवाजे, पितळी नळ. जुनाटनं नववीबद्दल कानावर हात ठेवले. आपण शब्दाचे माणूस आहोत, चोरीचा माल आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाही, असं बरंच काही बोलला. बोलताना एका पडद्यासमोरून मात्र तो हलला नाही.

आत्याला शिंक आली. खोटी होती, पण जोरदार होती. जुनाट बाजूला सरकला आणि तिनं पडदा ओढला.

भिंतीवर, कानामागे हात धरून, एक ऐकणारी तिच्याकडे बघत होती.


तुकडा पाचवा (पोकळ)

पट्टी लावली. बरोबर पन्नास.

जुनाटनं घाम पुसला. आत्यानं मधलं बोट वाकवून ऐकणारीच्या कपाळावर टकटक केलं.

नीट भाजलेली माती वाजते. टण्ण असा स्वच्छ नाद निघतो, आणि तडा असेल तर तो चिरकतो. त्यासाठी कारखान्यात प्रत्येक तुकडा वाजवून बघतात. ही बाई 'ठप' म्हणाली. पुठ्ठ्याचं खोकं म्हणतं तसं.

जुनाट हळूच म्हणाला, "कागदाचा लगदा आहे. नाटकाचा सेट बनवणाऱ्याकडून करून घेतली. फोटोवरून. आत्या, मला ती मनापासून आवडते हो. खरी मिळत नाही म्हणून ही ठेवली. विकायची नाहीये, शपथेवर सांगतो."

"मग पडद्याआड का?"

"येणारे हसतात."

आत्या हसली नाही. लगद्याला सायीचा रंग द्यायचा तर त्यात चिमूटभर गेरू घाल, एवढा सल्ला देऊन ती बाहेर पडली. साडेअकरा वाजले होते, आणि संशय घ्यायला आता बाहेरचं कुणी उरलं नव्हतं.


तुकडा सहावा (अंगठ्याची खूण असलेला)

खरी ऐकणारी असते तरी कशी, ते भिंतीवरच जाऊन पाहावं म्हणून आत्या परांचीवर चढली. नववीची जागा रिकामी होती. शेजारची आठवी कधी उतरवलीच नव्हती. या परांचीला त्या उंचीवर फळ्या टाकून जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

बारा जणी एका साच्यातल्या असल्या तरी साच्यातून निघालेल्या ओल्या चेहऱ्यावर शेवटचा हात कारागीर स्वतः फिरवतो. त्यामुळे प्रत्येकीत काही ना काही वेगळं असतं. आठवीच्या केसांच्या गाठीत एक खळगा होता. ओल्या मातीत कुणाचा तरी अंगठा चुकून रुतला होता. आत्यानं सहज त्यात अंगठा घातला. नीट बसला.

ती तिथेच थबकली. असाच खळगा, याच जागी, तिनं नववीच्या केसांतही पाहिला होता. धुताना तिथेही अंगठा घालून बघितला होता आणि तो टोकाशीच अडकला होता.

ओल्या मातीचा गोळा आणून तिनं आठवीच्या खळग्याचा ठसा घेतला. कारखान्यात धावत जाऊन नववीचा घेतला. दोन्ही शेजारी ठेवले. खळग्याला मध्ये एक आडवी चीर होती, ती दोन्हीकडे होती. एका ठशाची लांबी पंचवीस मिलिमीटर. दुसऱ्याची तेवीस.

"वहिनी, कुणाचा अंगठा दोन चेहऱ्यांवर अगदी चिरेसकट सारखा उमटेल का?"

"जन्मात नाही."

"आणि पंचविसातून शंभरात आठ भाग गेले तर?"

वहिनी गोणीवरून उठली. सकाळपासून पहिल्यांदा. "तेवीस. वन्सं, नववीचा साचा नववीवरून काढलेलाच नाही. आठवीवरून काढलाय."

"हेच मला कळत नाही. तू चोर आहेस असं समज."

"समजले."

"खरी नववी तुझ्याकडे कारखान्यात टेबलावर पडली आहे. तिची नक्कल हवी आहे. तर तू तिचाच साचा काढशील, की चाळीस फूट वर चढून, रस्त्यावरच्या लोकांदेखत, आठवीच्या तोंडाला प्लास्टर फासशील?"

"टेबलावरच काढीन. वर कोण मरायला जाईल?"

"म्हणजे ज्यानं साचा काढला, त्याच्याकडे नववी नव्हती."

नववी नव्हती, मग कुठे होती?


तुकडा सातवा (काजळी बसलेला)

दुपारी एक वाजता निरीक्षकबाई परांचीवर चढल्या. टाचेचे बूट त्यांनी खाली संगीतशाळेच्या पायरीवर काढून ठेवले होते, आणि शिडीवर मध्येच थांबून त्या, आपण इथे का येतोय हे लेखी द्याल का, असं विचारून घेत होत्या. अंगठ्याचे ठसे त्यांनी भिंग लावून पाहिले. पटलं, म्हणाल्या, पण साचा पंधरा दिवसांतच कुणी काढला नसेल कशावरून? तुम्ही तर घरचेच साक्षीदार.

"मग आठवीलाच विचारू," आत्या म्हणाली. "तिच्या कानात बघा. हाताच्या मागे, जिथे पाऊस पोचत नाही."

निरीक्षकबाईंनी टॉर्च लावला. कानाच्या खोल घडीत काळं काहीतरी चिकटलं होतं. आत्यानं सुईनं त्याचा कोपरा खरवडला. काळ्याखाली पांढरं निघालं.

"प्लास्टर," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"साचा काढताना अडकून राहिलं. आणि वर काय आहे?"

"काजळी."

कचेरीच्या मागे एके काळी कोळशाच्या इंजिनांचं यार्ड होतं. सगळ्या रस्त्याला तिथूनच काजळी यायची. यार्ड बंद होऊन चाळीस वर्षं झाली. काजळी प्लास्टरच्या वर बसली होती, म्हणजे प्लास्टर आधीचं. या भिंतीला त्याआधी एकदाच परांची लागली होती, अठ्ठावन्न वर्षांपूर्वी.

"म्हणजे ही नक्कल अठ्ठावन्न वर्षं इथेच बसली आहे," निरीक्षकबाई सावकाश म्हणाल्या. "आणि खालून कुणाला कळलं नाही."

"सांधा जाड भरला आणि रंगवला, की चार सेंटिमीटर कोण बघतंय?"

"पण खरी नववी तेव्हा तरी गेलीच ना? ती कुठे आहे, ते दाखवा. नाहीतर हा अंगठा आणि हा कान मी अहवालात लिहीन, पण चेहरा गहाळ असंही लिहावं लागेल, आणि आज तो ताबा तुमच्या वहिनींकडे आहे."

आत्याला एकतीस किलो आठवत होते. नववी कुठे आहे हे तिला कळलं होतं. ती तिथे कुणी घातली, तेही. आजोबा उस्ताद होते. माती आक्रसते हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. ही चूक नवख्याचीच, आणि तेव्हा कारखान्यात नवखा एकच होता.


तुकडा आठवा (भट्टीतून अर्धवट काढलेला)

तिनं मामांना वहिनीची गोष्ट सांगितली. फक्त तेवढीच. चारला अहवाल जाणार, वहिनीचं नाव यादीतून कमी होणार, नववी तिनंच पळवली असं ठरणार.

मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. भट्टीच्या घरघरीत सकाळपासून त्यांच्या कानी एवढंच पडलं होतं की माप जुळत नाही. त्यांनी चिमटा खाली ठेवला, दादाला हाक मारली आणि त्याला भट्टीसमोर बसवलं. पेटती भट्टी सोडून मामा उठले, हे कारखान्यात आजवर घडलं नव्हतं. दादाची पाचावर धारण बसली.

"त्या उष्णतेच्या काट्याला हात लावायचा नाही," मामांनी त्याला बजावलं. "नुसतं बघायचं."

वहिनीसमोर उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे. आजोबा ओळीचं एक टोक सांभाळत होते, दुसरं मामांवर सोपवलेलं. नववी उतरवताना हातातून निसटली आणि फळ्यांवर आपटून तिचे तुकडे झाले. नवी घडवायची तर आजोबांना सांगावं लागणार, आणि त्याच आठवड्यात मामांच्या बहिणीचं आजोबांच्या मुलाशी लग्न ठरत होतं. असल्या धांदरटाची बहीण घरात नको, असं म्हातारा म्हणाला असता. म्हणून दुपारच्या सुट्टीत गुपचूप आठवीचा साचा काढला. भाजून बाहेर आली तेव्हा कळलं की बाई बारकी झाली आहे.

"मी जर खरं बोललो असतो," मामा आत्याकडे वळले, "तर तू नसतीस आणि तो भट्टीसमोरचा ठोंब्याही नसता."

"आणि नववी?" वहिनीनं विचारलं.

"फेकवली नाही गं. आत आहे."

मग त्यांनी तिचा हात धरला. "माझी चूक तुझ्या माथी मारायला निघाले होते, आणि मी वर बसवून टाका म्हणत होतो. पोरी, मला माहीत नव्हतं."

"मामा, तुम्ही सकाळी जरा ओरडून विचारलं असतंत तर माझे सहा तास वाचले असते," वहिनी म्हणाली आणि डोळे पुसत छिन्नी शोधायला गेली.


तुकडा नववा (सगळे जोडून)

नववीच्या पाठीचा चुना वहिनीनं निरीक्षकबाईंच्या देखत फोडला. आतून आधी अर्धं नाक निघालं, मग एक डोळा, मग कानामागचा हात, बोटांसकट. तेवीस तुकडे. वहिनीनं ते टेबलावर मांडत नेले, आणि साडेतीनला पन्नास सेंटिमीटरची बाई, भेगांसकट, त्यांच्याकडे बघत होती.

निरीक्षकबाईंनी सकाळचा कागद फाडला. नव्या कागदावर त्यांनी लिहिलं की नववी जुन्या दुरुस्तीची आहे, खरी सापडली आहे, जोडून तिच्या जागी बसवावी. वहिनीचं नाव त्यांनी लिहिलं, पण काम करणार कोण या रकान्यात. एक अट मात्र घातली. भिंतीवर ज्या सात जणी आहेत त्यांना आत्ताच्या आत्ता मोजायचं. एकेकीला. 'वरीलप्रमाणे' हा शब्द वहीत दिसला तर आपण स्वतः शिडीवरून उडी मारू, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांना विनोद करता येतो हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

मामाही वर चढले. कुणी अडवलं नाही, अडवून ऐकलं नसतं. खाली संगीतशाळेत पेटीवरची ती ओळ पुन्हा सुरू झाली होती.

वहिनीनं पहिलीला पट्टी लावली. "पन्नास." आत्यानं लिहिलं. तिसरीला लावली. "पन्नास." चौथीला लावली. पट्टी काढली, पुसली, पुन्हा लावली.

"काय झालं?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"सेहेचाळीस."

सगळ्यांनी मामांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" मामा म्हणाले. "मी एकच पाडली. हे टोक उस्तादांचं होतं. मला इकडे फिरकूसुद्धा देत नव्हते ते. चौथीच्या वेळी तर दोन दिवस ताडपत्री लावून एकटेच—"

ते बोलायचे थांबले. तोंड उघडंच राहिलं. मग खांदे हलायला लागले, आणि हसता हसता मामा फळीवर खालीच बसले. आत्यानं त्यांची बाही घट्ट धरून ठेवली. अठ्ठावन्न वर्षं भट्टीच्या दारावरच्या फोटोकडे मान वर करून बघितलं नाही मी, असं ते सांगत होते, पण हसण्यामुळे निम्मे शब्द कळत नव्हते.

"किती म्हणालीस?" जरा दम आल्यावर त्यांनी विचारलं.

"सेहेचाळीस, मामा."

"पुन्हा लाव बरं पट्टी."

वहिनीनं पुन्हा लावली आणि या वेळी खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आकडा वाचला.